वानवळा

मित्रांनो, ‘वानवळा’ हा शब्द तुम्ही कधी ऐकलाय का? नसेल, तर आजीला विचारा. ती लगेच सांगेल. आपल्या शेतात, वाडीत किंवा परसात जे काही पिकलं असेल, त्यातलं थोडंसं प्रेमानं दुसऱ्याच्या घरी द्यायचं, तो वानवळा. मग ती चार वांगी असोत नाहीतर शेरभर नवे तांदूळ! दुकानातून विकत आणलेल्या मिठाईला मात्र वानवळा म्हणत नाहीत बरं का. त्यात आपल्या घराची, आपल्या मातीची किंवा आपल्या हाताची काहीतरी खूण असावी लागते.

गेल्या डिसेंबरात आम्ही दोघं अकरा दिवस स्कूटरवरून पालघर जिल्ह्यात हिंडलो. या फिरण्याचं खरं निमित्त होतं एक वही. आमचे ‘हे’ बोईसरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात बत्तीस वर्षं फिटर होते. मी तिथल्याच एका शाळेत बाई. यांचे सोबती आणि माझे विद्यार्थी भेटले की निरोप घेताना हमखास म्हणायचे, “या ना घरी!” हे लगेच खिशातली छोटी वही काढून पत्ता लिहून घेत. हे निवृत्त झाले त्या दिवशी आम्ही ती वही मोजली. चौदा घरं! डोंगरातली, समुद्राकाठची, वाडीतली, चाळीतली. यांनी जिल्ह्याच्या नकाशावर पेन्सिलीनं चौदा ठिपके काढले, ते रेघेनं जोडले आणि म्हणाले, “चला, ज्यांनी ज्यांनी बोलावलंय त्या सगळ्यांकडे जाऊ.”

या प्रवासात आम्ही एक नियम केला. प्रत्येक घरून जो वानवळा मिळेल, त्यातला थोडा पुढच्या घरी द्यायचा. आम्ही आपले पोस्टमन!

कुकर आणि साचे

पहिलं घर बोईसरच्या जवळच होतं. यांचे जुने मित्र तारापूरच्या अणुवीज केंद्रातून निवृत्त झालेले. त्यांच्या नातवानं मला आल्या आल्या विचारलं, “आजी, अणूपासून वीज कशी होते, माहीत आहे?” मी म्हटलं, “तूच सांग.” तो मला चक्क स्वयंपाकघरात घेऊन गेला आणि गॅसवरचा कुकर दाखवून म्हणाला, “हे असंच!”

खरोखरच ते असंच असतं. युरेनियमचे अणू फुटताना प्रचंड उष्णता निघते. त्या उष्णतेनं पाण्याची वाफ होते, वाफेच्या जोरावर भलंमोठं चक्र फिरतं आणि वीज तयार होते. चक्र फिरवून झालेली वाफ थंड करायला भरपूर पाणी लागतं. म्हणून अशी केंद्रं समुद्राकाठी किंवा मोठ्या जलाशयाकाठी असतात. भारतातलं असं पहिलं केंद्र तारापूरला उभं राहिलं आणि २८ ऑक्टोबर १९६९ पासून तिथली वीज मिळू लागली. पुढे २००५ आणि २००६ मध्ये प्रत्येकी ५४० मेगावॉटच्या आणखी दोन भट्ट्या तिथे सुरू झाल्या. त्यांच्यासाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही समुद्राकाठची दोन गावं उठून बोईसरच्या बाजूला वसली. मित्रांनो, आपण दिव्याचं बटण दाबतो, तेव्हा त्या उजेडात अशी काही गावंही असतात.

त्या घरानं आम्हाला परसातली पंचवीस लिंबं दिली. हा आमचा पहिला वानवळा.

तारापूरचा किल्ला डोळे भरून पाहिला. एकेकाळी पोर्तुगीजांचा असलेला हा किल्ला चिमाजी अप्पांच्या मोहिमेत, जानेवारी १७३९ मध्ये मराठ्यांनी जिंकला. नंतर मे महिन्यात वसई पडली. किल्ल्याच्या जाडजूड भिंती आजही खाडीच्या तोंडाशी उभ्या आहेत. खाडीवरचा पूल ओलांडला की पलीकडे चिंचणी.

चिंचणीजवळच्या एका गावात माझी एक जुनी विद्यार्थिनी राहते. घरात शिरलो तर ‘टक् टक् टक्’ असा बारीक आवाज. तिचा नवरा डायमेकर! या भागात डाय बनवायचा धंदा घरोघरी चालतो. डाय म्हणजे दागिन्याचा पोलादी साचा. पोलादाच्या लहानशा ठोकळ्यावर छिन्नीनं नक्षी कोरायची. त्या साच्यावर सोन्याचा किंवा चांदीचा पातळ पत्रा ठेवून दाब दिला, की नक्षी पत्र्यावर उमटते. गंमत म्हणजे साच्यात सगळं उलटं कोरावं लागतं. दागिन्यात जे उंच दिसायला हवं, ते साच्यात खोल. उजवीकडचं डावीकडे. कारागीर डोळ्याला भिंग लावून तांदळाच्या दाण्याएवढी पाकळी कोरत होता. यांनी बत्तीस वर्षं पोलादाचंच काम केलेलं, पण हेही तासभर हलले नाहीत!

एक प्रश्न

जेवताना मात्र त्या घरात जरा ताण जाणवला. माझ्या विद्यार्थिनीचे वडील तिथे राहायला आले होते. ते जन्मभर समुद्रावर गेलेले मच्छीमार. आणि तिची मुलगी अकरावीत, शास्त्र शाखेत. तिथून जवळच वाढवणला मोठं बंदर होतंय. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते पालघरला त्याची पायाभरणी झाली. मोठमोठी कंटेनरची जहाजं तिथे लागणार. समुद्रात भराव घालून ते उभारायचं आहे. या बंदराचा विचार १९९० च्या दशकापासून चाललेला आणि मच्छीमारांचा विरोधही तेव्हापासूनचा. डहाणू तालुका तर १९९१ मध्येच केंद्र सरकारनं पर्यावरणाच्या दृष्टीनं नाजूक म्हणून जाहीर केला होता.

नात म्हणाली, “बंदर झालं की इथेच नोकऱ्या मिळतील. मला मुंबईला जावं लागणार नाही. रोज चार तास लोकलमध्ये कोण घालवणार?”

आजोबा शांतपणे म्हणाले, “आमच्या जाळ्यांची जागा भरावाखाली गेली, तर आम्ही कुठं जायचं? मासा काय पत्ता विचारून येतो?”

दोघंही रागावलेले नव्हते. पण दोघांचेही घास हातातच राहिले. मग नात माझ्याकडे वळली. “बाई, तुम्ही आईच्या बाई. तुम्हीच सांगा, कोण बरोबर?”

मी तिला म्हटलं, “मला अकरा दिवस दे. प्रवास संपला की उत्तर पाठवते.”

निघताना त्या घरानं सुक्या बोंबलांची जुडी दिली. लिंबं तिथे उतरली, बोंबील स्कूटरवर चढले आणि त्यांच्याबरोबर तो प्रश्नही चढला.

चिकू आणि टेकडी

डहाणूहून बोर्डीकडे जाणारा रस्ता फार सुंदर आहे. एका बाजूला सुरूची झाडं आणि समुद्र, दुसऱ्या बाजूला चिकूच्या वाड्या. इथल्या घोलवड चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. म्हणजे काय? तर ‘घोलवडचा चिकू’ हे नाव त्या मातीतल्या चिकूलाच लावता येतं. दुसरीकडच्या कुणी ते नाव वापरायचं नाही.

आमचं तिसरं घर एका वाडीतच होतं. चिकू झाडावर पिकू देत नाहीत, हे मला तिथे कळलं. तो कच्चाच उतरवायचा. एका लांब काठीला जाळीची पिशवी आणि तोंडाशी पातं लावलेलं असतं. चिकू अलगद पिशवीत पडला पाहिजे, खाली पडून त्याला मार लागता कामा नये. वाडीवाल्या काकांनी मला काठी दिली. माझे तीन चिकू पिशवीत आणि चौथा यांच्या टोपीवर!

बोर्डीपासून जवळच कोसबाडची टेकडी. मी शिक्षिका, त्यामुळे माझ्यासाठी ही जागा म्हणजे देऊळच. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं आणि १९५७ मध्ये ते कोसबाडला नेलं. वारल्यांची मुलं शाळेत येत नव्हती. का येत नव्हती? कारण ती गुरं राखायला जायची, धाकट्या भावंडांना सांभाळायची. तेव्हा या दोघींनी मुलांना दोष दिला नाही. मुलं येत नाहीत ना, मग शाळाच मुलांकडे जाऊ दे! पाड्याच्या अंगणात भरली ती अंगणवाडी. गुरं चरतात तिथे भरली ती कुरणशाळा. तिथे खडे, पानं, बिया हीच खेळणी आणि हीच पाटी. अनुताई स्वतः लहानपणी विधवा झालेल्या. शिकल्या आणि मग आयुष्यभर शिकवत राहिल्या. १९८५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

टेकडीवर उभी असताना मला त्या अकरावीतल्या मुलीचा प्रश्न आठवला. वाटलं, ताराबाई-अनुताईंनी ‘शाळा बरोबर की गुरं बरोबर’ असा वाद घातलाच नाही. गुरंही चरली आणि मुलंही शिकली. पण सगळ्याच बाबतीत असं जमतं का? भराव आणि जाळं एकाच जागी कसं राहणार? उत्तर अजून आलं नव्हतं.

फिरणारी रेघ

डहाणूहून जव्हारकडे जाताना गंजाड लागतं. जगभर पोचलेल्या वारली चित्रकलेचे थोर चित्रकार जिव्या सोमा म्हसे याच गावचे. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये ते वारले. पूर्वी ही चित्रं लग्नाच्या वेळी सवाशिणी काढत. लाल मातीनं सारवलेल्या कुडाच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग आणि बांबूच्या काडीचा ब्रश. बस्स! गोल, त्रिकोण आणि चौकोन एवढ्याच आकारांतून माणसं, झाडं, बैल, मोर. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून उभे केले की झाला माणूस. तुम्हीही काढून पाहा.

यांच्या कारखान्यातले एक सोबती त्याच बाजूच्या पाड्यावर राहतात. संध्याकाळी त्यांच्या अंगणात तारपा वाजला. तारपा म्हणजे दुधी भोपळा, बांबू आणि ताडाची पानं यांचं लांबलचक वाद्य. वाजवणारा मध्ये, नाचणारे एकमेकांच्या कमरेला धरून त्याच्याभोवती. तारप्याकडे पाठ करायची नाही, असा नियम. मलाही ओढलं. नाचाची साखळी वळत वळत आत जाते, परत बाहेर येते आणि तुटत मात्र नाही. दुसऱ्या दिवशी माझे पाय दुखत होते, पण ते कुणाला सांगितलं नाही!

चिकू तिथे दिले. त्यांनी दिली मूठभर वालाची बियाणं आणि भिंतीवरच्या चित्रासारखं एक चित्र, कापडावर काढलेलं.

डोंगरावर

चारोटीला महामार्ग ओलांडला. त्याच महामार्गावर जवळच विवळवेढ्याचं महालक्ष्मीचं देऊळ आहे. चैत्रात तिथे मोठी यात्रा भरते. कासा मागे पडलं आणि चढ सुरू झाला. आणि अहो, नेमकं चढावरच चाक बसलं! पंक्चर! आसपास साग, पळस आणि शांतता. स्टेपनी काढली, तर तीही मऊ. मागून एका टेम्पोतून दोन मुलं आली, त्यांनी स्कूटर उचलून टेम्पोत ठेवली आणि पुढच्या नाक्यावर पंक्चरवाल्यापुढे उतरवली. पैसे घेईनात. आम्ही म्हटलं, “वानवळा तरी घ्या.” त्यांनी पिशवीत डोकावून राहिलेले सगळे चिकू घेतले. नियमात बसत होतं!

जव्हार हे एकेकाळी मुकणे घराण्याचं संस्थान. त्यांचा जयविलास राजवाडा अजून दिमाखात उभा आहे. सुरतेच्या स्वारीला जाताना १६६४ मध्ये शिवाजी महाराज इथल्या शिरपामाळावर थांबले होते, असं जव्हारकर अभिमानानं सांगतात. माझी एक शिक्षक मैत्रीण तिथे राहते. तिच्या चुलीवरची नागलीची भाकरी आणि तिखट चटणी… व्वा! नागली म्हणजे आपली नाचणी.

मैत्रीण म्हणाली, “तू दिवाळीनंतर आलीस. आता कितीतरी पाडे रिकामे दिसतील.” पावसाळी शेती आटोपली की जव्हार-मोखाड्यातली अनेक कुटुंबं वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर कामाला जातात. पोरंही बरोबर. शाळा अर्ध्यातच सुटते. म्हणून ती आणि तिच्या शाळेतले शिक्षक पालकांच्या हातापाया पडून मुलांना मागे ठेवून घेतात. कुणी आजीकडे, कुणी वसतिगृहात.

त्या रात्री थंडीत गोधडी ओढून मी विचार करत होते. ती अकरावीतली मुलगी म्हणते, ‘गावातच काम हवं.’ किती खरं आहे! काम नसलं की घरंच्या घरं कुलूप लावून निघतात. पण तिचे आजोबाही तेच तर म्हणतायत. गावातलं काम जाऊ नये! दोघांचं मागणं एकच होतं. भांडण होतं ते एवढंच, की कुठलं काम?

पापलेट आणि पाच नावं

विक्रमगडमार्गे मनोर आणि तिथून पालघर. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला. राज्यातला हा छत्तिसावा. शहराच्या मधोमध हुतात्मा चौक आहे. ‘चले जाव’ चळवळीत १४ ऑगस्ट १९४२ रोजी इथे निघालेल्या मोर्चावर गोळीबार झाला आणि पालघर परिसरातले पाच जण हुतात्मा झाले. आम्ही स्कूटर थांबवून पाचही नावं मोठ्यानं वाचली.

सातपाटीला तेराव्या घरी आमचं स्वागत पापलेटच्या कालवणानं झालं. इथलं पापलेट प्रसिद्ध. सप्टेंबर २०२३ मध्ये रुपेरी पापलेटला महाराष्ट्राचा राज्यमासा म्हणून मान मिळाला. पण मानाबरोबर काळजीही आहे. पापलेट कमी होत चाललंय. त्या घरच्या काकांनी अंगणातलं दालदा जाळं उलगडून दाखवलं. “ही आस मोठी पाहिजे,” ते म्हणाले. आस म्हणजे जाळ्याचं भोक. “मोठी असली की पिल्लू निसटतं. पिल्लू निसटलं तर पुढच्या साली पापलेट. बारीक जाळ्यानं सगळंच ओढलं, तर पुढच्या साली काय, जाळं खायचं?”

मी त्यांना विचारलं, “हे सगळं तुम्ही कुठं लिहून ठेवलंय?”

ते हसले. “लिहायला कशाला पाहिजे? डोक्यात आहे.”

आणि मित्रांनो, तिथे माझं उत्तर सापडलं.

केळव्याला चौदावं घर. शीतलादेवीचं दर्शन, पानवेलींच्या थंडगार वाड्या आणि मातीच्या मडक्यातली उकडहंडी. कंद, शेंगा, वांगी सगळं एकत्र शिजवलेलं. तिच्यात लिंबू आमचं नव्हतं, पण नागलीचे पापड मात्र जव्हारचे होते! शेवटी स्कूटरचा काटा पाहिला. सव्वातीनशे किलोमीटर झाले होते.

उत्तर

बोईसरला पोचल्यावर मी त्या मुलीला पत्र लिहिलं. त्यात म्हटलं:

“तू बरोबर की आजोबा, हे मी ठरवू शकत नाही. बंदराचं काय व्हावं, यावर मोठी माणसं, सरकार आणि न्यायालयं बोलतील, आणि दोन वर्षांनी मत द्यायला लागशील तेव्हा तूही बोल. तू शिक, भरपूर शिक. पण एक काम आज फक्त तूच करू शकतेस. आजोबांच्या डोक्यात जो समुद्र आहे, तो कुठल्याच पुस्तकात नाही. कुठल्या महिन्यात कुठला वारा, कुठल्या खडकाजवळ कुठला मासा, त्या खडकांची नावं काय. बंदर झालं तरी हे ज्ञान लागेल, न झालं तरी लागेल. समुद्राचं नुकसान होतंय की नाही हे सांगायलासुद्धा आधी समुद्र कसा होता, ते माहीत हवं ना? एक वही घे आणि त्यांना विचारून लिहून काढ.”

पंधरा दिवसांनी तिचा निरोप आला. सोबत वहीच्या पहिल्या पानाचा फोटो. वर तारीख, आजोबांचं वय आणि खाली तिच्या टपोऱ्या अक्षरात:

‘अमावस्या-पौर्णिमेला उधाण. पाण्याला ओढ जास्त, डोल जाळी तेव्हा लावायची. अष्टमीच्या सुमाराला भांग. पाणी सुस्त, डोल रिकामी येते. तेव्हा जाळी दुरुस्त करायची.’

त्याखाली तिनं लिहिलं होतं, ‘बाई, चंद्राच्या आकर्षणामुळे भरती-ओहोटी येते, हे आम्हाला शाळेत शिकवलं होतं. आजोबांना ते सांगितलं, तर ते खूश झाले. म्हणाले, म्हणजे माझं बरोबर होतं तर! बंदरावरून आमचं अजून पटत नाही. पण चौदा पानं झाली आहेत.’

मित्रांनो, तुमच्या घरातही असं कुणीतरी असेलच. शेत ओळखणारं, कापड ओळखणारं, पाऊस ओळखणारं, नाहीतर मशीनच्या नुसत्या आवाजावरून बिघाड सांगणारं. येत्या सुट्टीत एक वही घ्या आणि त्यांच्याजवळ बसा. आणि हो, कुणी “या ना घरी” म्हणालं, तर पत्ता नक्की लिहून ठेवा. जाताना हातात काहीतरी वानवळा मात्र असू द्या!